वीतभर अलीकडे

करंजाड्याला आमच्या सोसायटीत तळमजल्यावाल्यांना घरापुढे चार हात माती मिळते. या वर्षी मी तिथे वाफा करायचं मनावर घेतलं. दगड आणले, दोन खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि तिथेच अडकलो. दोरी सरळ होती. मी शाळेत चित्रकला शिकवतो, तेव्हा सरळ रेघ ओळखण्याइतकी पात्रता माझ्यात आहे. पण दगड दोरीच्या अलीकडे लावायचे की पलीकडे, ते काही केल्या ठरेना. बायको खिडकीतून म्हणाली, "मावशी आठवल्या ना?" मी हो म्हटलं आणि दोरी तशीच ठेवून चहा प्यायला आत गेलो.

मावशी म्हणजे नवीन पनवेलमधल्या आमच्या घरमालकीण. रो हाऊसच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायचो आणि खाली त्या आणि त्यांचा मुलगा. साठी उलटलेली, पण बाई अशी काटक की पाण्याची भरलेली टाकी तिरकी करून खालचा गाळ काढायची. लुगड्याचा घट्ट काष्टा, कपाळ मोकळं आणि बोलताना नजर समोरच्याच्या खांद्यावर. त्यामुळे पहिले काही दिवस मला वाटायचं, आपल्या मागे कोणीतरी उभं आहे. मी वळून बघायचो. मागे कोणी नसायचं.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला "तू" म्हटलं. मी घाटावरचा, त्यातून शिक्षक, मला जरा लागलं. मग लक्षात आलं की त्या नगरसेवकालाही तूच म्हणतात आणि देवालाही. प्रश्न विचारला की उत्तर एकच, "बघू, माती काय बोलतंय." वरचा नळ गळतोय, प्लंबर बोलावू का? बघू, माती काय बोलतंय. गच्चीवर वाळत घातलेल्या सुकटीचा वास थेट आमच्या पांघरुणाला येतो, जरा पलीकडे सरकवता का? बघू, माती काय बोलतंय. नळाचा आणि सुकटीचा मातीशी काय संबंध, हे मला दोन वर्षांत कळलं नाही. सुकट मात्र दुसऱ्या दिवशी सरकलेली असायची.

आणखी एक सवय होती. घरात कोणी नसलं तरी स्वतःच्याच दाराची कडी वाजवल्याशिवाय त्या आत शिरत नसत. कुलूप काढायचं, कडी दोनदा वाजवायची, क्षणभर थांबायचं आणि मग आत. एकदा मी विचारलंच. म्हणाल्या, "घराला कलायला नको? असा कसा मधीच घुसायचा?" हे वेड म्हणावं की शिष्टाचार, ते मला आजही ठरवता येत नाही. माझ्या बायकोने मात्र ती सवय उचलली. आता ती आमच्या फ्लॅटचीही कडी वाजवते आणि मी आत असलो की दार उघडायला उगाच उठतो.

कॉलनीत लोकांनी घरापुढे गुलाब, क्रोटन, फार तर तुळस लावली होती. मावशींनी वाफ्यात भात लावला होता. खरोखरचा भात. आवणीला, म्हणजे लावणीला, लागतात तशी रोपं, घोट्याएवढं पाणी आणि कडेला एक अळूचं पान. सकाळी फिरायला निघालेले लोक थांबून फोटो काढायचे. दसऱ्याच्या सुमारास लोंब्या आल्या की त्या चिमण्यांसाठी उभ्या ठेवायच्या आणि शेवटी मूठभर दाणे काढून शिजवायच्या. त्यातला घासभर भात आम्हालाही यायचा. चवीला साधाच होता. पण त्या दिवशी त्या आमच्या जिन्यात उभ्या राहून आमचं जेवण संपेपर्यंत बघत राहिल्या, म्हणून मी दोनदा "वा" म्हटलं.

आता त्या वाफ्याची जागा नीट सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथेच आहे. आमच्या रो हाऊसला चिकटून दुसरं रो हाऊस होतं, ते मावशींच्या धाकट्या दिराचं. आम्ही त्यांना काका म्हणायचो. कॉलनीतल्या सगळ्या घरांच्या मध्ये भिंती होत्या, या दोन घरांच्या मध्ये नव्हती. मावशींचं अंगण, मग हा वाफा आणि वाफा संपला की काकांच्या फरश्या. मध्ये भिंत नाही आणि तरी दोन्ही घरांत अनेक वर्षं बोलणं नाही. काका गाडी पुसत असले की मावशी त्यांच्या खांद्याकडेसुद्धा बघत नसत. काकू बहुतेक लेकीकडे उरणला असायच्या, त्यामुळे मध्यस्थी करायलाही कोणी नव्हतं.

भांडण शेताच्या बांधाचं. गाव भूसंपादनात जायच्या आधी दोन्ही भावांची खाचरं शेजारी शेजारी होती. मोजणी झाली तेव्हा कोणाचा तरी बांध कोणाच्या तरी शेतात सरकलेला निघाला आणि त्यावरून जे बिनसलं ते बिनसलंच. पुढे मावशींचे यजमान गेले. काकांनी भावाला खांदा दिला, पण तोंडातून शब्द काढला नाही, पाणीसुद्धा आपल्या घरी जाऊन प्यायले.

बांध नक्की कोणी खाल्ला, हे मी मावशींना तीन वेळा विचारलं. पहिल्यांदा भाजी निवडताना त्या म्हणाल्या, "आमच्या मालकानंच खाल्ला. नांगराच्या येका फालाची भूक होती त्याला." पुढे गणपतीत विचारलं तर म्हणाल्या, "दिरानं खाल्ला. आन् कोन खायाला बसलाय?" तिसऱ्यांदा त्यांचा ताप उतरला होता, मी औषध घेऊन गेलो होतो. म्हणाल्या, "कोनी नाय खाल्ला. पानी आला, वाहून गेला. मानसांनी येकमेकांची तोंडा बघितली." तिन्ही वेळा चेहरा अगदी खरं बोलणाऱ्या बाईचा. मी पुन्हा विचारायचं सोडून दिलं.

हे असंच चालत राहिलं असतं. पण त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं, वैशाखातलं. मुलगा बंदरावर कंटेनरच्या कामाला, स्वभावाने मऊ, आईपुढे फारसं न बोलणारा. मुलगी चांगली, घर चांगलं, सगळं चांगलं. अडचण एकच. मांडवाची मेढ रोवायची ती भावकीतल्या वडीलधाऱ्याने. बाप नाही, तेव्हा ते काम चुलत्याचं. मावशी स्वतः रोवणार नाहीत, त्यांच्यात विधवा बाई मेढीला हात लावत नाही. मुलाच्या मामाने रोवली असती, पण मग लग्नाला आलेला प्रत्येक जण विचारणार, काका कुठे? मावशींनी वाफ्यातली माती उकरत एवढंच सांगितलं, "बाप गेला तो गेला. पोराच्या मांडवाला चुलता नाय आला तर तो दुसऱ्यांदा गेला." हे बोलताना त्यांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं.

आता कोणीही म्हणेल, मग जाऊन बोलवायचं. पाच पावलांवर घर. मीही तेच म्हटलं. त्या म्हणाल्या, "बघू, माती काय बोलतंय." आणि दुसऱ्या दिवशी वाफ्याला दगडाची कड घालायला काढली.

दगड आधीपासून घरात होते, जिन्याखाली. गाव उठलं तेव्हा लोकांनी दारं, तुळया, तुळशीवृंदावनं उचलून आणली. मावशींनी टेम्पो केला आणि बांधाचे दगड आणले. भावकी हसली होती म्हणे. काळे, कडेने झिजलेले, एकाचं दुसऱ्याशी न जुळणारे. मी म्हटलं, "मावशी, खांदा कॉलनीत दुकान आहे, तिथे तयार कडेचे ब्लॉक मिळतात. एकसारखे." त्या म्हणाल्या, "ती बिस्किटा. मना दगड लावायचं हायत. तू चितारी ना? रेग मारून दे."

मी आदल्या दिवशी मोबाईलवर तीन व्हिडिओ बघितले. मोठ्या तयारीत उतरलो. दगडाच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा चर खणायचा, तळाला कच टाकून ठोकायची, दोरीला लागून दगड बसवायचे, फटीत माती दाबायची. हद्द कळायला सोपी होती, काकांची फरशी जिथे संपते तिथे. मी तिथे दोरी ताणली, घामाघूम होऊन दगड लावले आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं. माझंच मला कौतुक वाटलं.

मावशी उकिडव्या बसून बघत होत्या. म्हणाल्या, "रेग झ्याक हाय. आता वीतभर अलीकडं घे."

"अहो, हद्द इथेच आहे."

"हद्द मना माहीत हाय. वीतभर अलीकडं."

"तुमचीच जागा कमी होईल मावशी."

"होऊंदे की. तुज्या पोटात कनाला दुखतंय?"

सगळं उकरून पुन्हा लावलं. या खेपेला त्याही हात लावायला आल्या. प्रत्येक दगड हातात घेऊन तीन-चारदा फिरवायच्या, बोटांनी चाचपायच्या. दगडाला तोंड असतं म्हणे आणि पाठ असते. जी बाजू गुळगुळीत, चांगली, ते तोंड. ते त्या काकांच्या घराकडे करायच्या आणि खडबडीत पाठ आपल्या दाराकडे. मी म्हटलं, चांगली बाजू आपल्याला दिसायला नको? त्या म्हणाल्या, "आपल्याला कनाला दिसायला पायजे? आपन बघितलंय की." आता काकांची फरशी आणि आमचे दगड यांच्या मध्ये वीतभर उघडी माती राहिली. ती कोणाची, ते मी विचारलं नाही.

दोन-तीन दिवसांनी शाळेतून आलो तर दगड परत फरशीला लागून. वीतभर माती पुन्हा वाफ्यात. मला वाटलं, मावशींचा विचार बदलला. संध्याकाळी बघतो तर त्या पहार घेऊन दगड पुन्हा अलीकडे आणताहेत, चेहऱ्यावर काही नाही. आठवडाभराने पुन्हा तेच. सकाळी अलीकडे, दुपारी पलीकडे, संध्याकाळी पुन्हा अलीकडे, आणि दर वेळी मावशी पूर्वीपेक्षा बोटभर जास्तच आत घ्यायच्या. वाफा आकसत चालला. अळूचं पान गेलं.

मला काळजी वाटायला लागली. म्हातारी माणसं वस्तू इकडच्या तिकडे ठेवतात आणि विसरतात, असं माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत झालं होतं. मी हळूच मुलाच्या कानावर घातलं. त्याने रडवेल्या चेहऱ्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "सर, मलापण तेच वाटतंय. आई दगडाशी बोलते. लगीन झाला की डॉक्टरकडं नेतो." लग्नघरात एक नवी चिंता मी फुकट आणून टाकली. बायको मला म्हणाली, "तू ते दगड नीट बघितलेस का? दुपारी जेव्हा ते पलीकडे असतात तेव्हा त्यांची चांगली बाजू आपल्याकडे असते. मावशी तसे लावतच नाहीत."

मी खाली जाऊन बघितलं. खरंच होतं. प्रत्येक दगडाचं तोंड मावशींच्या दाराकडे वळलेलं आणि पाठ काकांच्या घराकडे. हे हात दुसरे होते.

शनिवारी अर्धी शाळा. मावशी मंडईत गेल्या होत्या. मी फाटक उघडून आत आलो तर काका बनियनवर, घामाने निथळत, आमच्या वाफ्यात गुडघे टेकून बसलेले. हातात दगड, तो फिरवून फिरवून चाचपताहेत. मला बघून दचकले नाहीत. चोरी पकडली गेल्यासारखंही काही नाही. म्हणाले, "मास्तर, तुमच्याकडं दोरी हाय ना? जरा द्या. मागल्या टायमाला वाकडा झाला."

मी दोरी आणून दिली. काय करणार? त्यांनी दगड हद्दीला लावले. मी धीर करून म्हटलं, "काका, मावशी तर जागा सोडताहेत. तुम्ही परत का देता?" ते बराच वेळ माती दाबत राहिले. म्हणाले, "माजी नाय ती." मग थोड्या वेळाने, "तिचीबी नाय, तसं बघायला गेला तर." दोरी गुंडाळून माझ्या हातात दिली आणि हात धुवायला स्वतःच्या नळावर गेले.

तेव्हापासून माझी दोरी दोन्ही घरांत जायची. दुपारी काका मागायचे, संध्याकाळी मावशी. दोघांनीही मला एकदाही विचारलं नाही की पलीकडचा माणूस काय म्हणतो. अख्ख्या पनवेल तालुक्यात बोटभर बांधासाठी डोकी फुटलेली मी ऐकली होती, आणि इथे दोघं जण वीतभर माती एकमेकांच्या गळ्यात मारायला धडपडत होते. हे भांडण होतं की समेट? मला खरंच कळत नव्हतं. मुलाला मात्र मी सांगितलं की डॉक्टरची गरज नाही. त्याने विचारलं, मग काय आहे? मी म्हटलं, ते मला माहीत नाही.

लग्न आठवड्यावर आलं. पत्रिका वाटून झाल्या, काकांना कोणी दिली नाही. मुलगा जायला निघाला होता, मावशींनी अडवलं. "तू नाय जायचा. आवतान मी देईन." आम्हाला वाटलं, आता त्या फरशी ओलांडणार. त्यांनी हळद लावलेली एक सुपारी आणि चिमूटभर अक्षता घेतल्या, वाफ्याशी आल्या आणि मधल्या दगडावर ठेवून घरात निघून गेल्या. आत शिरताना कडी वाजवली. बस, झालं आमंत्रण.

सुपारी दिवसभर दगडावर होती. काका दोनदा गाडी काढायला आले, दोनदा तिच्याकडे बघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सुपारी नव्हती. अक्षता तशाच पसरलेल्या आणि सुपारी गायब. मावशी जिन्यापाशी येऊन मला म्हणाल्या, "मास्तर, तू बघितलास का? कोनी उचलली?" मी नव्हतं बघितलं. कावळा असू शकतो. खार तर अंगणात रोजची. झाडणाऱ्या बाई सकाळीच येऊन गेल्या होत्या, त्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, लग्नघरची सुपारी मी कशाला उचलू? मावशी पायरीवर बसल्या. त्यांना असं पायरीवर बसलेलं मी तोवर कधी बघितलं नव्हतं. म्हणाल्या, "कावल्यानं नेली असंल तर नेली. दुसरी नाय ठेवायची. आवतान येकदाच देतात." मला त्यांचा राग आला आणि दयाही आली. दुसरी सुपारी ठेवायला काय जात होतं? पण त्यांच्या दृष्टीने काहीतरी जात होतं आणि ते मला दिसत नव्हतं.

मेढीच्या आदल्या दिवशी काकू उरणहून आल्या. लग्नासाठी आल्या की नेहमीसारख्याच, काही कळेना. त्यांनी अंगणात कपडे वाळत घातले आणि दार लावून घेतलं.

मेढीच्या सकाळी मावशींच्या दारात पन्नासेक माणसं. वाजंत्री आली, उंबराची फांदी आली, आंब्याचे टहाळे आले. मामा पहार घेऊन तयार. आता मेढ रोवायची कुठे? अंगणात फरशी, पुढे रस्ता डांबराचा. माती होती ती फक्त वाफ्यात. आणि वाफा मावशींनी सरकवत सरकवत इतका चिंचोळा केला होता की दगडांच्या दोन्ही बाजूंना नुसती पट्टी उरली होती, खड्डा घ्यायचा तर दगड काढल्याशिवाय जागाच नव्हती. मामा वैतागला. "अक्का, तू काय करून ठेवलंस हे? दगड हलव बघू." त्याने दगडाला पहार लावली.

"हात नको लावू," मावशी म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण वाजंत्रीवालेसुद्धा थांबले. "ज्याचं हायत तो हलवील."

मुहूर्त टळत चालला होता. लोक घड्याळाकडे बघत होते, मुलगा जमिनीकडे. मावशी काकांच्या बंद दाराकडे बघत उभ्या होत्या, थेट बघत होत्या, आणि मला त्या उभ्या उभ्याच कोसळतील अशी भीती वाटली. मी मनात म्हटलं, बाई, तुझा हट्ट तुझ्या पोराला भोवणार आज.

तेवढ्यात पलीकडे कडी वाजली. बाहेर येताना कोणी कडी वाजवतं का? काका आले. अंघोळ केलेली, नवं धोतर, टोपी आणि हातात स्वतःची पहार. मागे काकू हळदीचं ताट घेऊन. कोणाकडेही न बघता ते वाफ्यापाशी आले, मधला दगड उचलला आणि ना अलीकडे ना पलीकडे, सरळ बाजूला, रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवला. ज्या जागी तो दगड होता तिथेच त्यांनी खणायला घेतलं. माती कडक होती. कोणी मदतीला गेलं नाही, कोणी जायचंही नव्हतं.

खड्डा झाला. खड्ड्यात हळदकुंकू पडलं, नाणं पडलं. भटजी म्हणाले, सुपारी. मावशींनी आपल्या ताटातली सुपारी उचलून काकूंच्या हाती द्यायला हात पुढे केला.

काकांनी कनवटीला हात घातला. हळद वाळून काळपट झालेली एक सुपारी काढली.

"वैनी, हाय माज्याकडं."

आजूबाजूला बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. मावशींनी मात्र आपली सुपारी ताटात परत ठेवली, दिराच्या खांद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या,

"मग टाक ना. उशीर कनाला करतंस?"